अधिकातला जावई

१

सकाळी दहाला अपूर्वचं ऑफिस सुरू व्हायचं आणि दहा वाजून दहा मिनिटांनी इंटरनेट जायचं. जालन्यात येऊन त्याला बारा दिवस झाले होते, आणि या नियमात एकदाही खंड पडला नव्हता. पुण्यातला साहेब मीटिंगमध्ये नेमकं त्याचं नाव घ्यायचा, आणि अपूर्वचं तोंड पडद्यावर उघडंच्या उघडं गोठायचं. मग मोबाइलचं नेट जोडायचं. ते गच्चीच्या कठड्याशी गेल्याशिवाय मिळत नव्हतं, आणि कठड्याशी ऊन बेचाळीस डिग्री. नळाला पाणी नऊ दिवसांनी, वीज तिच्या मर्जीनं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो यंदा खरोखरच आला होता. ज्येष्ठ अधिक होता. पंचांगात महिना जास्तीचा, पण त्यात लग्नाचा मुहूर्त एकही नाही.

आणि लग्नासाठीच तर तो इथे येऊन बसला होता. अपूर्वचं वय तेहेतीस. सात वर्षांत एकोणीस मुली बघून झाल्या होत्या. त्यातल्या चौदांनी त्याला नाही म्हटलं होतं आणि उरलेल्या पाचांना त्याच्या आईनं. विसावी चिन्मयी. ती बदनापूरला कृषी संशोधन केंद्रात कामाला, राहायला तिथेच, आईबरोबर. अपूर्वला कुरकुर करायची जन्मजात सवय होती, आणि त्याच्या कुरकुरीला हसणारी ही पहिलीच मुलगी. चैत्रात साखरपुडा झाला. अधिक संपला की नवव्या दिवशी लग्न. पुण्यातल्या जुन्या खोलीचा करार संपला होता, नवा फ्लॅट जूनच्या मध्यावर मिळणार होता, आणि ऑफिसनं महिनाभर कुठूनही काम करायची मोकळीक दिली होती. त्यानं विचार केला, महिना बदनापूरजवळ काढावा. अजून आपण एकमेकांना नीट ओळखत नाही, संध्याकाळी भेटू, रविवारी भेटू.

चिन्मयीच्या आईनं, वंदनाबाईंनी, त्याला घरी ठेवून घ्यायला साफ नकार दिला. लग्नाआधी जावई घरात राहिला तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. तेव्हा ऑफिसातल्या सुमितनं जुन्या जालन्यात आपल्या ओळखीच्या घरात वरची खोली मिळवून दिली. खाली मार्तंडराव आणि उमाकाकू. मार्तंडराव बँकेतून निवृत्त झालेले, उमाकाकू कधी कशातूनच निवृत्त न होणाऱ्या. घरात दोघंच.

बारा दिवसांत चिन्मयीची भेट एकदा झाली होती, तीही बदनापूरच्या स्टेशनवरच्या बाकावर, वीस मिनिटं. बाकी दिवस कधी मीटिंग लांबली, कधी गाडी चुकली. हे लग्न अपूर्वला हवं होतं. नुसतं लग्न नाही, हीच मुलगी हवी होती. आणि ती अर्ध्या तासावर असून हाताला लागत नव्हती, म्हणून तो सगळ्या जालन्यावर चिडून होता.

२

शनिवारी संध्याकाळी उमाकाकू जिना चढून आल्या आणि दारातच बसल्या. उद्या दुपारी खाली जेवायचं, म्हणाल्या. धोंड्याचा महिना आहे, जावयानं वर एकट्यानं डबा खाऊ नये.

जावई हा शब्द अपूर्वनं ऐकला आणि मनात हिशेब जुळवला. हे वंदनाबाईंचं काम. लग्नाआधी स्वतः धोंडा करता येत नाही आणि पुढचा अधिक तीन वर्षांनी. म्हणून त्यांनी या बाईंना सांगून करवून घेतलं असणार. त्याला जरा बरंही वाटलं. शिवाय आपल्या लोकांत एक सवय असते, जेवायला बसवलं की का बसवलं ते विचारायचं नाही. विचारणं म्हणजे यजमानाचा अपमान. तसा तो बाकी सगळ्या गोष्टींवर बोलायचा, पण ताटापुढे पुण्याचा माणूसही गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला खाली गेला. एकची गाडी धरून बदनापूर गाठायचं होतं. स्वयंपाकघराच्या मधोमध दोन पाट मांडले होते, दोन्हींभोवती रांगोळी. दुसरा पाट मार्तंडरावांचा, असं धरून तो एकावर बसला. मार्तंडराव मात्र हातात पंखा घेऊन समोर उभे राहिले. वीज नव्हती. उमाकाकूंनी त्याचे पाय धुतले, तेव्हा तो संकोचानं अर्धा झाला. गंध लावलं, तांब्याच्या ताम्हनात पुरणाचे तेहेतीस धोंडे आणि वर तुपाचा दिवा ठेवून ताम्हन त्याच्या हातात दिलं.

"घेतलं म्हणा," मार्तंडराव म्हणाले.

"घेतलं."

"तसं नव्हं. लेक पदरात घेतली म्हणा. तसंच म्हणत असतेत."

त्यानं तेही म्हटलं. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

वाढताना उमाकाकू तूप दोन्ही ताटांत वाढत होत्या. आग्रह चालला होता. जल्दी काय हाये, गाड्या काय कमी हायेत का, अजून एक घ्या. अपूर्व एका हातानं जेवत होता आणि दुसऱ्या हातानं मांडीवरच्या मोबाइलवर चिन्मयीला उशीर होतोय म्हणून कळवत होता. मान वर केली तर शेजारच्या ताटात मीठ आणि लिंबाची फोड तेवढी उरली होती. मार्तंडराव पंखा घेऊन तिथेच उभे होते.

कधी जेवले असतील, असं त्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात पाऊण वाजला, आणि एकची गाडी गेली तर काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. गाडी गेलीच.

३

पुढच्या आठवड्यात त्याच्या तक्रारींची यादी वाढत गेली.

चौकातला मोसंबीचा रसवाला न विचारता दोन ग्लास भरायला लागला. एकच सांगितला तर हो म्हणून दोन ठेवायचा. गिऱ्हाईक वाढवायची ही कुठली रीत, असं पुटपुटत अपूर्व दुसरा ग्लास तिथेच सोडून यायचा. समोरच्या ओट्यावर बसून भाजी निवडणाऱ्या कौसल्याबाई त्याला येता-जाता रोखून बघायच्या. एकदा म्हणाल्या, थोडं हळू चालत जा, पाठीमागं कोण येऊन राह्यलं बघत जा. इथल्या लोकांना दुसऱ्याच्या चालण्याची काय पडलेली असते, असं म्हणून तो आणखी भराभर चालला.

खोलीतही त्याला कोणी मोकळं सोडत नव्हतं. खोली तशी छोटीच. खिडकीत कूलर, भिंतीला लोखंडी खाट, टेबल, एक लाकडी खुर्ची आणि दाराशी एक निळी प्लास्टिकची खुर्ची. ती निळी खुर्ची तो रोज दाराशी ठेवून आंघोळीला जायचा, आणि आल्यावर ती टेबलाजवळ असायची. पहिल्या दिवशी हातभर लांब, मग वीतभर, मग दोन्ही खुर्च्यांचे हात एकमेकांना टेकलेले. दोरीवर वाळत घातलेले त्याचे शर्ट घड्या होऊन खाटेवर यायचे. उमाकाकूंना एकदा स्पष्ट सांगावं लागणार, माझ्या मागं खोलीत येत जाऊ नका, असं त्यानं ठरवलं.

एका दुपारी, मीटिंग चालू असताना, वीज गेली. कूलरची घरघर थांबली आणि त्या घरघरीखाली इतका वेळ दुसरा एक आवाज चालला होता, हे त्याला तो थांबताना कळलं. बांगड्या सरकतात तसला, अगदी जवळ. खालून आला असेल. जिन्याचं दार उघडंच असतं. त्यानं उगाच निळ्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. त्या खोलीत त्या दिवसांत हात लावावा ते चटका देत होतं. टेबल तापलेलं, भिंत तापलेली, पाण्याचा जगसुद्धा कोमट. खुर्चीची बैठक तेवढी गार होती.

सावलीत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ऊन टेबलावर पडतं, खुर्चीवर पडत नाही. मग उठून बघितलं. ऊन खुर्चीवर पडलेलं होतं.

तेवढ्यात वीज आली, साहेबानं त्याचं नाव घेतलं, आणि तो कामाला लागला. मुदतीची कामं समोर असली की माणसाला घाबरायलाही सवड होत नाही.

४

चिन्मयीचा फोन रोज संध्याकाळी सात वाजता यायचा. त्या अर्ध्या तासासाठी तो दिवसभर तग धरायचा. आज पाणी आलं नाही, आज डब्यात पुन्हा दोडका, आज साहेबानं असं म्हटलं. ती हसायची आणि तिच्या प्लॉटवरच्या तुरीच्या झाडांची कुठली तरी गोष्ट सांगायची. त्या दिवशी त्यानं सहज म्हटलं, आईंना माझे आभार सांग, धोंड्याचं जेवण अगदी रीतसर झालं.

ती थांबली. कसलं जेवण, म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. ती हसेल म्हणून पाय धुतल्याचं जरा रंगवूनच सांगितलं. ती हसली नाही. आई त्या घरमालकिणीला ओळखतसुद्धा नाही, ती म्हणाली, आणि लग्न लागायच्या आत धोंडा कोणी देतं का. मग म्हणाली, "अपूर्व, ज्याच्या घरात जावई नसतो ना, ते लोक कोणालातरी बसवतेत कधीकधी. पुण्य म्हणून. पण मंग ते त्याला तसं सांगतेत. तू विचारलं न्हाई का?"

"जेवायला बसल्यावर काय विचारू?"

"बरं. राहू दे," ती म्हणाली. पण तिचा आवाज थोडा बदलला होता, आणि अर्धा तास व्हायच्या आत तिनं फोन ठेवला. अपूर्व तडक खाली गेला.

उमाकाकू ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मार्तंडराव पेपर वाचत होते, सकाळचाच. अपूर्वनं विचारलं, तुम्हाला वंदनाबाईंनी सांगितलं होतं का जेवण घालायला. कोण वंदनाबाई, त्या म्हणाल्या. मग मला जावई म्हणून का बसवलं, असं त्यानं विचारलं. त्याचा आवाज चढला होता. बारा अधिक आठ, वीस दिवसांचा राग त्यात होता.

उमाकाकूंनी शेंगा बाजूला ठेवल्या. त्या रागावल्या नाहीत. उलट, हा पोरगा असं का विचारतोय, म्हणून काळजीनं त्याच्याकडे बघू लागल्या. त्यांना मुलगी आहे का, असं त्यानं सरळच विचारलं.

"जावई हाये म्हणल्यावर लेक असणारच न्हाई का?" त्या म्हणाल्या.

मार्तंडरावांनी पेपर खाली केला आणि मान हलवली. त्यात चेष्टा नव्हती, वेड नव्हतं. कोणी दोन आणि दोन चार सांगावं, तितक्या साध्या चेहऱ्यानं दोघं बसले होते. मग उमाकाकू म्हणाल्या, वर चहा पाठवते, बिनसाखरेचा. ती म्हणून राह्यली होती, साखर बिलकुल चालत न्हाई तुम्हाला.

साखर त्यानं तीन दिवसांपूर्वी सोडली होती. लग्नाचा सूट पोटावर बसावा म्हणून. कोणालाही सांगितलं नव्हतं, चिन्मयीलाही नाही.

५

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली आणि लॉज शोधायला निघाला. त्यानं स्वतःची समजूत घातली होती. म्हातारी माणसं, लेकराबाळांवाचून डोक्यावर परिणाम झालेला, भली आहेत पण झेपत नाहीत. चहाचा कप परत पाठवत असू आपण, त्यावरून त्यांनी ताडलं असेल. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि नसलं तर दहा दिवसांसाठी कशाला शोधत बसायचं. दहाच दिवस राहिले होते.

बस स्टँडजवळच्या लॉजवर काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर पुढे सरकवलं आणि आधार कार्ड मागितलं. अपूर्वनं दिलं. तो दुसऱ्या कार्डासाठी हात पुढे करून थांबला.

दोघांचं लागतं, म्हणाला.

अपूर्वनं सांगितलं, मी एकटाच आहे. तो माणूस त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मग त्यानं रजिस्टर मिटलं. साहेब, आमच्या इथं बाईमाणसाचं कार्ड लागतंच, म्हणाला, पोलीस येऊन राह्यलेत रोज. अपूर्वनं मागे वळून बघितलं. काचेचं दार, दारापलीकडे पांढरं ऊन, उन्हात उभी एक रिकामी हातगाडी. काउंटरवरचा माणूस आता जरा वरमल्यासारखा झाला होता. खालच्या आवाजात म्हणाला, भांडण झालं असंल तर घरी जाऊन मिटवा, त्यायला असं उन्हात नका फिरवू.

त्यावर अपूर्व इतका ओरडला की आतून दुसरा माणूस बाहेर आला.

बाहेर येऊन तो एका बंद दुकानाच्या शटरला टेकून उभा राहिला. ऊन लागलंय, त्यानं ठरवलं. सकाळपासून पाणी प्यायलो नाही. त्या माणसाचं डोकं फिरलंय, किंवा दारातून कोणी आत येऊन गेलं असेल. दुसऱ्या लॉजवर जायची मात्र त्याची छाती झाली नाही. तिथेही कोणी दोन कार्डं मागितली असती, तर मग काय म्हणायचं, हे त्याला सुचत नव्हतं. तो खोलीवर परत आला. निळी खुर्ची त्यानं उचलली, गच्चीवर नेली आणि पाण्याच्या टाकीमागे पालथी टाकली.

सकाळी ती टेबलापाशी होती. त्याचे मोजे घडी करून तिच्या हातावर ठेवलेले.

६

शनिवारी ऑफिसचं जादा काम होतं. सकाळपासून हेडफोनच्या डाव्या बाजूला आवाज येत नव्हता. उजवीकडचा बोळा कानात घालून तो दुपारी दोनपर्यंत साहेबाचं बोलणं ऐकत राहिला आणि हेडफोन बनवणाऱ्याला शिव्या देत राहिला. दार उघडं होतं. बाहेर गच्ची उन्हानं पांढरी झाली होती. जिन्यावर पावलं वाजल्यासारखी वाटली, थांबली, आणि परत खाली गेली. उमाकाकू असतील, त्यानं बघितलं नाही.

सात वाजता फोन आला नाही. आठ वाजता त्यानंच केला.

चिन्मयी शांत होती. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, मी आज आल्ते जालन्याला. तुला दाखवायची होती म्हणून साडी घेऊन आल्ते. दारापर्यंत आले.

"मग आत का नाही आलीस?"

"तू काम करून राह्यला होता. आणि ती तुझ्या शेजारी बसली होती. त्या निळ्या खुर्चीत. तुझ्या हेडफोनची एक बाजू तिच्या कानात होती."

खोलीत मी एकटाच होतो, असं तो म्हणाला. खरंच सांगतो, चिन्मयी, कोणी नव्हतं. स्वतःचा आवाज त्यालाच खोटा वाटला, कारण जगातला प्रत्येक खोटा माणूस नेमका हेच वाक्य बोलतो.

"तिनं मला बघितलं," चिन्मयी म्हणाली. "ओठावर बोट ठेवलं. तुझं काम चालू हाये, आवाज करू नको, म्हणून. घरच्या बाईनं करावं तसं. अपूर्व, मला फसवायचं होतं तर एवढा घोळ कशाला घातला? साखरपुड्याआधी सांगितलं असतं, मी काही म्हणले नसते."

तो काय काय बोलत राहिला. धोंडा, लॉज, साखर, खुर्ची. बोलता बोलता त्याला कळत होतं की हे सगळं एकापुढे एक ठेवलं की आणखीच वेड्यासारखं दिसतं. चिन्मयीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिनं विचारलं, कशी दिसते ती, हे तरी मला विचारशील का. त्याला ते विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर ती दिसायला लागली असती, अशी भीती त्याला वाटली.

"कोण गं?" तो एवढंच म्हणाला, आणि तिनं फोन ठेवला.

त्या रात्री तो खाली रस्त्यावर, कौसल्याबाईंच्या ओट्यावर बसून राहिला. उजाडेपर्यंत वर गेला नाही.

७

सकाळी आठला त्यानं बॅग भरली. लॅपटॉप, कपडे, सगळं कोंबलं, घड्या न करता. हेडफोन खाटेवरच ठेवले.

खाली मार्तंडराव आणि उमाकाकू ओसरीवर उभे होते, जणू त्यांना वेळ माहीत होती. अपूर्वनं किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि सांगितलं, मी चाललो, परत येणार नाही. तुमचा माझा काही संबंध नाही. मी कोणाचा जावई नाही. जे म्हणायला लावलं ते मी परत घेतो.

मार्तंडरावांनी नुसती मान हलवली. उमाकाकूंचे डोळे भरून आले. अपूर्वला वाटलं, आता आपल्याला थांबवतील, आणि तो ओरडायच्या तयारीत राहिला. पण त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्याच्या डाव्या बाजूला बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि हवेतच, हनुवटीच्या उंचीवर, बोटं जरा वळवली.

"सासरी गेल्यावर माहेरची वाट बघत बसायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मग अपूर्वला म्हणाल्या, तिला ऊन सोसत न्हाई, सावलीच्या बाजूनं न्या.

तो पळत सुटला. बॅग घेऊन, पार स्टँडपर्यंत. मागे वळून बघितलं नाही, आणि वळून न बघण्याचं कारणही स्वतःला सांगितलं नाही.

बदनापूरची एसटी खचाखच भरली होती. लग्नाचे मुहूर्त नसले तरी माणसं कुठं ना कुठं जातच असतात. त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. गर्दी दारापर्यंत उभी, एक म्हातारे गृहस्थ दांडीला लोंबकळत होते, एक बाई कडेवर पोर घेऊन ताटकळत होती. त्याच्या शेजारची जागा अर्धा तास रिकामी होती आणि ती कोणीच मागितली नाही. अपूर्वनं त्या बाईला खूण केली, बसा. तिनं रिकाम्या जागेकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि हा माणूस आपली थट्टा करतोय, अशा नजरेनं तोंड फिरवलं.

त्यानं डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं. चिन्मयीला समोर बसवून बोलायचं, एवढं एकच त्यानं मनात धरून ठेवलं. ती हुशार आहे, शास्त्र शिकलेली आहे. मी समोर एकटा उभा राहिलो की तिला दिसेल, मी एकटा आहे.

त्याची डावी बाजू, खांद्यापासून मनगटापर्यंत, गार पडली होती.

८

बदनापुरात स्टेशनकडून आत गेलं की तिसऱ्या गल्लीत त्यांचं घर. अंगणात चिंच, चिंचेखाली चिन्मयीची स्कूटी. म्हणजे ती घरात होती. अपूर्वनं कडी वाजवली. दार वंदनाबाईंनी उघडलं.

साखरपुड्यात याच बाईनं त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तुमचा मुलगा तोंडानं कडू हाये पण मनानं सरळ हाये, मला असाच पाहिजे होता. आज त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी त्याला बघितलं. मग त्याच्या शेजारी बघितलं, आणि त्यांचा हात नकळत पदराकडे जाऊन पदर डोक्यावर आला.

"मला चिन्मयीशी दोन मिनिटं बोलू द्या," अपूर्व म्हणाला. "मी एकटा आहे. तुम्हीच बघा, आई. मी एकटाच आलोय."

आतल्या खोलीचा पडदा हलला, तिथे कोणी तरी उभं होतं. अपूर्वनं त्या पडद्याकडे बघत मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. चिन्मयी, बाहेर ये, एकदा बाहेर ये आणि बघ, तुला दिसेल. त्याचा आवाज रडका झाला. त्याला लाज वाटली नाही. पडदा थांबला. आत एक दार लागल्याचा आवाज आला.

"बोलायचंच होतं तर एकटं यायचं होतं," वंदनाबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या दारात हिला घेऊन आले. एवढं बी कळलं न्हाई तुम्हाला?"

"हिला कोणाला?"

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग होता, पण त्याहून जास्त कीव होती, आणि ती कीव त्याच्यासाठी नव्हती. थांबा, म्हणून त्या आत गेल्या. अपूर्वला क्षणभर आशा वाटली. चिन्मयीला आणायला गेल्या असतील, शेवटी आई आहे, त्यांनी मला ओळखलंय.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती.

"बाई, तुझ्यावर माझा राग न्हाई," त्या म्हणाल्या. त्याला नाही, त्याच्या डाव्या खांद्याशी. "तुला कोणी विचारलं असंल न नसंल, कोणाला ठावं. पण सवाष्ण दारातून तशीच जाऊ नये."

त्यांनी बोट हळदीत बुडवलं आणि पुढे नेलं. अपूर्व बघत होता. बोट हवेतून सरळ जायला हवं होतं, ते गेलं नाही. मध्येच थांबलं, जिथे काही नव्हतं तिथे टेकलं, आणि टेकताना बोटाचं पेर किंचित दबलं. मग कुंकू. वंदनाबाईंनी हात मागे घेतला, नमस्कार केला, आणि दार लावून घेतलं. आतून कडी बसली.

अंगणात चिंचेची सावली पडली होती. त्या सावलीत, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, हळदीचा ठिपका आणि कुंकवाचा ठिपका कशाच्याही आधाराशिवाय होते तिथे राहिले होते. दोन्ही ठिपके बंद दाराकडे तोंड करून होते. मग ते सावकाश वळले, आणि मान वर केल्यासारखे त्याच्याकडे बघू लागले.